ताईच्या गुडघ्यातलं पाणी

९ जानेवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तब्येत कशी आहे असं विचारत नाही. मागच्या वेळी विचारलं तर "मी फुकट तपासून घेत नाही" म्हणत तू फोन ठेवून दिलास. तसाही फोन कानाशी धरून तुझं मनगट भरून येतं, तेव्हा पत्रच बरं. पत्रात तुला माझे ऱ्हस्व-दीर्घही सुधारता येतात. तू लाल खुणा करून परत पाठवलेलं मागचं पत्र तुझ्या भावजयीने फ्रिजवर चिकटवलंय. घरी कुणी आलं की दाखवते, "हे बघा आमच्या प्राध्यापकांचे मार्क."

छापखान्याकडून मुद्रितं तपासायचं नवीन काम आलं का? त्या भूगोलाच्या पुस्तकात तू एका नदीला डोंगर चढण्यापासून वाचवलं होतंस, ते मी इथे सगळ्यांना सांगतो. आमच्याकडच्या एका सहकाऱ्याने तेव्हापासून आपला निबंध तुझ्याकडे पाठवायचं ठरवलंय. मी त्याला म्हटलं, पाठव, पण रडायचं नाही.

इकडे नेहमीचंच. लिफ्ट पुन्हा बंद पडलीय, त्यामुळे संधिवाताचे रुग्ण खाली आणि त्यांचे डॉक्टर तिसऱ्या मजल्यावर, अशी दोन-तीन दिवस मजा चालली होती. शेवटी मीच खुर्ची-टेबल खाली हलवलं. आता औषधाच्या दुकानाशेजारच्या खोलीत बसतो. खिडकीतून पार्किंग दिसतं. कोण गाडीतून कसं उतरतं यावरून निम्मं निदान तिथल्या तिथे होतं. दार उघडायला बोटं वापरतात की तळहात, उतरताना पाय आधी टाकतात की हात. ही सवय मला तुझ्यामुळे लागली. घरात तू कुठल्या खोलीतून कुठल्या खोलीत निघालीस हे मी अभ्यास करता करता नुसत्या पावलांवरून ओळखायचो. सकाळची पावलं वेगळी, दुपारची वेगळी.

फ्रीझरचीही एक गंमत झाली. ज्या फ्रीझरमध्ये आम्ही रुग्णांच्या सांध्यांतलं पाणी गोठवून ठेवतो, तो कुरकुरायला लागला, म्हणून सगळ्या डब्या दुसरीकडे हलवल्या. हातमोजे घालून मी आणि आमची तंत्रज्ञ, दोघेच. अगदी तळाशी तुझ्या गुडघ्यातल्या पाण्याची जुनी कुपी सापडली. बर्फाने पांढरी झालेली. तंत्रज्ञ म्हणाली, "सर, ही आता टाकू या का? पुष्कळ जुनी आहे." मी ठेवली.

आता तुला एका रुग्णाबद्दल सांगतो. नाव सांगता येत नाही आणि तू विचारणारही नाहीस. ती खुणांच्या भाषेची दुभाषी आहे. कोर्टात, दवाखान्यात, शाळेत, जिथे ऐकू न येणाऱ्या माणसाचं म्हणणं दुसऱ्याला सांगायचं असतं, तिथे ही उभी राहते. तिच्या आईला जन्मापासून ऐकू येत नाही, त्यामुळे ही तोंडाने बोलायच्या आधी हातांनी बोलायला लागली. तिशीत शिरली आणि बोटांचे सांधे सुजायला लागले. सकाळी मुठी उघडेनात. पहिल्या भेटीत मी तिला कुठे दुखतं वगैरे विचारत होतो, तर तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "डॉक्टर, तुमचा घसा बसला तर तुम्ही गरम पाणी पिता. माझा घसा इथे आहे."

तर ती गेल्या आठवड्यात आईला घेऊन आली होती. आई माझ्याकडे बघून हातांनी बराच वेळ बोलत राहिली. मुलगी काही सांगेना, नुसती खाली बघत बसली. मी म्हटलं, अहो, तुमचं कामच आहे, सांगा की. तेव्हा म्हणाली, "आई म्हणते, माझ्या हातांचं बोलणं अडखळायला लागलं होतं. शब्द अर्धेच पडायचे. आता मी पुन्हा पहिल्यासारखी बोलते."

मी "छान" म्हटलं आणि पुढची तारीख लिहून दिली. ती गेल्यावर हात धुवायला उठलो आणि नळ सोडून तसाच उभा राहिलो. शेवटी बाहेरून कुणीतरी दार वाजवलं.

माझ्या औषधाच्या चाचणीचं म्हणशील तर काम चालू आहे. कागद पुढे सरकत असतात.

हल्ली दमायला होतं. तुझ्या भावजयीचं म्हणणं, मी जेवताना ताटाकडे बघतो पण जेवत नाही. वय झालं असेल. तू म्हणशील, माझ्यापुढे वयाच्या गोष्टी करू नकोस.

तुझ्या शेजारीणबाईंशी बोलणं झालं. मीच फोन केला होता, रागवू नकोस. तू अजून त्या हाडांच्या डॉक्टरांकडे गेली नाहीस असं त्या म्हणाल्या. जिन्याच्या दोन पायऱ्या चढून तू कठड्याला धरून थांबतेस, हेही म्हणाल्या. ताई, उजवा गुडघा आता बदलायलाच हवा. दर वेळी तू म्हणतेस, "तुझं औषध येऊ दे, मग बघू." औषध येईल तेव्हा येईल. तू तोवर जाऊन तर ये. एवढं माझं ऐक.

बाकी ठीक.

तुझा,
टिल्ल्या

*

२३ जानेवारी

प्रिय ताई,

तुझं कार्ड मिळालं. लाल शाई, तीन वाक्यं. "चाचणीच्या परिच्छेदात कर्ता नाही. निकाल लागला का? माझ्या गुडघ्यातल्या पाण्याचं काय झालं?"

तीन वेळा लिहायला बसलो आणि तीन वेळा उठलो. आज रविवार आहे, घरात कुणी नाही, आता उठायला निमित्त नाही.

निकाल लागला, ताई. डिसेंबरमध्येच लागला. औषध काम करतं.

कुणाला खरं औषध दिलं आणि कुणाला नुसतं मिठाचं पाणी टोचलं, हे चाचणीभर आम्हालाही माहीत नव्हतं. त्या दिवशी लांबड्या टेबलाभोवती सगळे बसलो आणि आकडेमोड करणाऱ्या बाईंनी पाकीट उघडल्यासारखा चेहरा करून पडद्यावर चित्र टाकलं. दोन रेघा होत्या. एक जिथल्या तिथे, दुसरी खाली खाली उतरत गेलेली. सूज, दुखणं, सकाळचा ताठरपणा, सगळ्याची तीच गत. टाळ्या सुरू झाल्या. एक जण तर माझ्या पाठीवर इतक्या जोरात थाप मारत होता की खोकला आला. मी पाणी प्यायला म्हणून बाहेर आलो आणि जिन्यात बसलो.

ती दुभाषी मुलगी खऱ्या औषधावर होती. तिच्या पेशी तपासल्या. आगलाव्या सगळ्या गप्प झाल्या होत्या.

हे नाव तूच ठेवलंस. मी तेव्हा शिकत होतो. सांध्यातलं पाणी सुईने कसं काढायचं याचा सराव करायला मला गुडघा हवा होता, आणि तू स्टुलावर बसून पाय पुढे करून म्हणालीस, "घे. दुखलं तर सांगते, तोवर तू गप्प राहा." त्या पाण्यात मला त्या पेशी दिसल्या. शरीराच्या राखणीला असलेल्या पेशींपैकीच त्या, पण सांध्यात येऊन तळ ठोकून बसलेल्या. मी उत्साहाने तुला सांगत होतो की या स्वतः काही तोडत नाहीत, फोडत नाहीत, नुसत्या हाका मारतात आणि त्यांच्या हाकेला बाकीच्या पेशी धावून येतात आणि आपल्याच हाडांवर तुटून पडतात. तू म्हणालीस, "कळलं. आगलाव्या आहेत. प्रत्येक घरात एक असते." आमच्या निबंधांमध्ये त्यांना एक आकडा आणि चार अक्षरं आहेत, पण प्रयोगशाळेत आजही सगळे आगलाव्याच म्हणतात. परदेशी पाहुणे आले की पंचाइत होते.

औषध त्या पेशींना मारत नाही, त्यांची हाक बंद करतं. बाकीच्यांना निरोपच जात नाही, म्हणून कुणी धावून येत नाही.

आता तुझ्या पाण्याचं.

ऑक्टोबरमध्ये मी आलो होतो तेव्हा तू स्वतःहून गुडघा पुढे केलास. संमतीच्या कागदावर सही करण्याआधी त्यातल्या सगळ्या चुका सुधारल्यास आणि म्हणालीस, "नीट बघ. औषध कितपत लागेल ते कळायला हवं ना तुला." मी पाणी आणलं आणि दुसऱ्याच दिवशी तपासलं. त्यात आगलाव्या नव्हत्या. मला वाटलं, प्रवासात खराब झालं असेल. तंत्रज्ञाला पुन्हा करायला लावलं. तिने वेगळा रंग वापरून केलं. मग मी स्वतः केलं. बाकीच्या पेशी होत्या, थकल्याभागल्या, थोड्या. त्या मात्र नव्हत्या.

तुझ्यासारख्या जुन्या रुग्णांचा एक छोटा गट चाचणीत होता. त्यांच्यातही हेच निघालं. त्यांना औषधाने काही झालं नाही. वाईट नाही आणि बरंही नाही.

आग विझली आहे, ताई. विझली, कारण तिला जाळायला काही उरलं नाही. कूर्चा गेली, हाडं हाडांवर घासतायत, बोटं जिकडे वळायची तिकडे वळून बसली. आता तुला जे दुखतं ते आगीचं नाही, पडझडीचं आहे. माझं औषध आग लागू देत नाही. ते घर बांधून देत नाही.

तुझ्यासाठी ते नाही.

हे वाक्य लिहायला मला इतके दिवस लागले. फोनवर मला ते जमलं नसतं. तू "बरं" म्हणाली असतीस आणि त्या "बरं"चा आवाज मला ऐकवला नसता.

मलाही वाटत होतं गं. अगदी ऑक्टोबरपर्यंत वाटत होतं, थोडंसं तरी होईल. डॉक्टर म्हणून मला दिसत होतं की तुझ्या बोटांचा आकार आता बदलणार नाही. पण भाऊ म्हणून मी कुठेतरी धरून बसलो होतो की सूज उतरेल, सकाळ सोपी जाईल, निदान पाय टेकेल. मी दहा-अकरा वर्षांचा असताना एकदा माझ्या शाळेच्या शर्टाची बटणं तुला लावता येईनात, तेव्हा तू म्हणालीस, "या वर्षी बटणं लहान काढलीत." मला ते खरं वाटलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी माझी बटणं स्वतः लावायला लागलो आणि मला उगाच मोठं झाल्यासारखं वाटलं. मग बाबा तुला घेऊन डॉक्टरांचे उंबरे झिजवायला लागले, तेव्हा कुठे कळलं.

इथे सगळे मला विचारतात, सर, तुम्ही खूश दिसत नाही. मी सांगतो, झोप कमी झाली. ते खोटं नाही. इतकी वर्षं एकाच दिशेने चालत गेलो आणि पोचल्यावर बघतो तर जिच्यासाठी निघालो ती मागे कुठेतरी कठड्याला धरून उभी. मला आता बसावंसं वाटतं, ताई. नुसतं बसावंसं.

पण गुडघ्याचं ऑपरेशन होऊ शकतं आणि ते चांगलं होतं. त्याला माझी गरज नाही. चांगला सर्जन लागतो आणि तो तुझ्या गावात आहे. आता थांबायचं काही कारण उरलेलं नाही.

माझ्यावर चीड, पण उत्तर दे.

तुझा,
टिल्ल्या

*

४ फेब्रुवारी

टिल्ल्या,

हे पत्र तीन बैठकांत लिहिलंय. जिथे अक्षर बिघडेल तिथे माझा हात दमला असं समज, मन नव्हे. पेनाला स्पंज गुंडाळलाय, तरी ते निसटतं.

आधी चुका. "पंचाईत"मधली ई ऱ्हस्व लिहिलीस. आणि "तुझ्यासाठी ते नाही" हे वाक्य एकटं वेगळ्या ओळीत टाकलंस, ते बरोबर होतं. तसंच राहू दे.

आता भांडण.

निकाल डिसेंबरात लागला. टेबलाभोवतीच्या सगळ्यांना कळला, टाळ्या झाल्या, तुझ्या बायकोला कळला असणार, त्या दुभाषी मुलीच्या आईला तर मुलीच्या हातांवरून कळला. मला तू जानेवारीत लिफ्ट बंद पडल्याची बातमी दिलीस.

ती बातमी माझी होती. पहिलं पाणी माझ्या गुडघ्यातलं. पेशींना नाव मी दिलं. तुझी परीक्षा असायची तेव्हा तुझं पाठांतर मी घेतलंय, तुझ्या पहिल्या निबंधातलं "संशोधनाअंती" मी सुधारलंय. औषध निघालं तर ते आपल्या घरात निघालं, आणि तू ते माझ्यापासून लपवलंस. का, तर मला वाईट वाटेल. मला वाईट वाटणारच होतं. त्यासाठी मला आनंदही होऊ द्यायचा नाही, हा कुठला न्याय? तू मला रुग्ण करून टाकलंस. इतकी वर्षं मी तुझ्याकडे रुग्ण नव्हते.

हे एवढं लिहून काल थांबले.

दुसरं. हो, मी वाट बघत होते. खोटं कशाला बोलू. शेजारीणबाई म्हणायच्या, करून टाका एकदाचं ऑपरेशन, आणि मी भावाच्या औषधाचं नाव पुढे करायचे. त्यांना वाटायचं मी घाबरते. घाबरतही होते, पण खरंच वाट बघत होते. माझं मागणं फार नव्हतं. मागचे हुक आपले आपण लावावेत. चहा गाळताना पातेलं दोन्ही मनगटांत धरून देवाचं नाव घ्यावं लागू नये. मुद्रितं तपासताना पान बोटाने उलटावं, मी हल्ली मनगटाने ढकलते. एवढंच. औषध आलं की सकाळी उठून पहिलं काय करायचं तेही ठरवलं होतं. ते तुला सांगणार नाही.

तुझं पत्र आलं त्या दुपारी मी रडले. बराच वेळ रडले. हे मुद्दाम सांगते, नाहीतर तू मला खंबीर वगैरे समजशील. मला खंबीर लोकांचा कंटाळा येतो. शेजारीणबाई आल्या आणि कुकर लावून गेल्या.

मग सोमवारी हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. तरुण आहेत, हात स्वच्छ आहेत, बोलतात कमी. फोटो उजेडावर धरून म्हणाले, "इतकी वर्षं कशाला थांबलात?" मी म्हटलं, "भावाची वाट बघत होते." ते म्हणाले, "भाऊ परगावी असतात का?" म्हटलं, "परगावी असतात, आणि कामात." आणि मग मला हसू फुटलं ते थांबेना. ते बिचारे नर्सकडे बघायला लागले.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख मिळाली आहे. आधी उजवा. डाव्याचं नंतर बघू. हातांचं काही होणार नाही असं त्यांनी सरळ सांगितलं. मला ते आवडलं. तूही असंच सांगत जा.

ऑपरेशनला ये. पण डॉक्टर म्हणून येऊ नकोस, तिथे एक आहे आणि तो मला पुरे. बाहेर बाकावर बसायला घरचं कुणीतरी लागतं.

आणि त्या मुलीला सांग. पहिलं पाणी कुणाचं होतं ते तिला सांग. तुला नियम आडवे येतात हे मला माहीत आहे, म्हणून माझी परवानगी देते. लेखी हवी असेल तर तुझा तो अशुद्ध कागद पाठव. माझ्या गुडघ्यातून निघालेली गोष्ट कुणाच्या तरी हातापर्यंत पोचली. मला त्यातलं काही मिळायचं नसेल, तर निदान ओळख तरी होऊ दे.

तू बसावंसं वाटतं म्हणालास. बस की. कुणी अडवलंय? बसून झाल्यावर सांग.

रागावलेली,
ताई

*

२८ एप्रिल

प्रिय ताई,

तुझ्याकडून परत आल्यावर लगेच लिहायचं ठरवलं होतं. पण आल्या आल्या कामाचा ढीग अंगावर आला आणि मग मी खरंच दोन रविवार नुसता बसून काढले. तू सांगितलंस म्हणून. गॅलरीत खुर्ची टाकून बसलो. तुझ्या भावजयीने दोनदा येऊन नाडी बघितली.

शेजारीणबाई कळवतात की तू आता कठड्याशिवाय खालच्या दारापर्यंत जातेस. व्यायाम चुकवतेस हेही कळवतात. गुडघा वाकवताना दुखणार. तरी वाकव. त्या डॉक्टरांचं ऐक, माझं नाही ऐकलंस तरी चालेल.

तुझ्यासमोर बोललो नाही ते लिहितो. त्या बाकावर मी यापूर्वी कधीच बसलो नव्हतो. नेहमी दाराच्या आतल्या बाजूला असायचो. बाहेर येऊन "सगळं ठीक झालं" म्हणायचो आणि पुढच्या रुग्णाकडे जायचो. त्या दिवशी दार उघडलं की माझ्यासकट सगळ्यांच्या माना वर व्हायच्या. प्रत्येक वेळी दुसऱ्याच कुणाचं नाव पुकारलं जायचं. काय काय चुकू शकतं याची मला इतकी माहिती आहे, की ती कुणीतरी काढून घ्यावी असं वाटत होतं. शेजारचे एक आजोबा मला म्हणाले, "तुम्ही काय करता?" मी म्हटलं, "बहिणीसाठी आलोय." त्यांचं त्याने समाधान झालं.

आणि तिसऱ्या दिवशी तू चालायची चौकट धरून व्हरांड्यात निघालीस, तेव्हा मी मागे राहिलो. तुला वाटलं, पडलीस तर धरायला. तसं नव्हतं. मला पुढून तुझा चेहरा बघवत नव्हता, इतकं त्यावर दुखणं दिसत होतं. पण मागून दिसलं की उजवा पाय सरळ पडतोय. तुझा पाय सरळ पडताना मी शेवटचं कधी बघितलं ते मला आठवेना. पावलांचा आवाजही ओळखू आला नाही. नवीन होता.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

ती दुभाषी मुलगी आणि तिची आई परवा आल्या होत्या. औषध चालू आहे, हात उत्तम आहेत. पुढची मोठी चाचणी पावलापावलाने सुरू होतेय, ते मी तुला वेगळं सविस्तर कळवीन. यापुढे बातमी आधी तुला. मी त्या दोघींना सांगितलं, ज्या पेशींवर हे औषध काम करतं, त्या पहिल्यांदा माझ्या बहिणीच्या गुडघ्यातल्या पाण्यात सापडल्या. मुलीने ते आईला हातांनी सांगितलं. आई ऐकत होती, म्हणजे बघत होती, आणि मग तिने विचारलं, बहिणीला हे औषध लागू पडलं का?

मी "नाही" म्हटलं. मुलीचे हात थांबले. तिने माझ्याकडे बघितलं, हे सांगू का, अशा अर्थाने. मी म्हटलं, सांगा. तिने सांगितलं. आईने विचारलं, तिचे हात कसे आहेत?

मला शब्दांत सांगता येईना. मी माझीच बोटं तुझ्यासारखी वळवून दाखवली, करंगळीच्या बाजूला कललेली, मधला सांधा वर आलेला, अंगठा आत. नीट जमलं नाही, पण त्यांना कळलं. आई उठून माझ्याजवळ आली आणि माझा तो वळवलेला हात तसाच आपल्या हातात घेतला. काही वेळ इकडेतिकडे करून बघितला. मग तो माझ्या छातीला टेकवला आणि तिथून हळूच समोर नेला, काही देतात तसा. पुन्हा एकदा टेकवला, पुन्हा समोर नेला.

मुलगी म्हणाली, "हे तुमच्या बहिणीचं नाव आहे."

त्यांच्यात माणसाला हातांचं एक नाव असतं. ते ऐकू येणाऱ्यांनी ठेवायचं नसतं, त्यांच्यापैकीच कुणीतरी द्यावं लागतं, आणि एकदा दिलं की तेच राहतं. मी विचारलं, याचा अर्थ काय. आई बोलली, मुलीने सांगितलं, "जिच्यापासून सुरू झालं ती." मग आई आणखी काही बोलली. मुलगी म्हणाली, "आई म्हणते, बोटं न उघडता घेता येईल असंच नाव दिलंय. ज्याचं नाव, त्याला ते स्वतः घेता आलं पाहिजे."

मी तुझ्यासारखा नाही, मला चारचौघांत रडायची सवय नाही. त्या दोघी खिडकीतून पार्किंग बघत बसल्या, माझं होईपर्यंत.

औषध तुझ्यापर्यंत पोचलं नाही. ते मला अजून गिळवत नाही आणि पुढे गिळवेल असंही वाटत नाही. सकाळी जाग आली की पहिलं तेच आठवतं. मग उठतो, कामावर जातो. एवढंच सध्या जमतंय.

तुझं नाव कागदावर लिहिता येत नाही. शनिवारी येतो आणि दाखवतो. तुझ्या हाताने ते माझ्यापेक्षा चांगलं येईल.

उशीर झालेला, पण तुझाच,
टिल्ल्या